दोन वर्षांचं मूल, चारचौघांत अंगावर पाजणं आणि लोकांचं बोलणं

ओवीची_आई | शुक्रवार, रात्री १०:४०

ओवी गेल्या महिन्यात दोन वर्षांची झाली. वरणभात, भाकरी, अंडं, फळं सगळं खाते. पण झोपताना, कुठे आपटली तर, किंवा प्रवासात कंटाळली की तिला अंगावर लागतं. मी तोडलेलं नाही आणि एवढ्यात तोडायचा विचारही नाही. घरात हे सगळ्यांना मान्य आहे. प्रश्न बाहेरचा आहे.

परवा कोयना एक्स्प्रेसने पुण्याहून मिरजेला निघालो होतो. सातारा जवळ आलं तशी ती किरकिरायला लागली. मी खिडकीकडे वळले, ओढणी घेतली आणि तिला घेतलं. समोर पन्नाशीच्या एक बाई होत्या. तोवर छान गप्पा चालल्या होत्या, ओवीला त्यांनी चिक्कीसुद्धा दिली होती. त्या एकदम म्हणाल्या, "अगंबाई, एवढी घोडी झाली आणि अजून आईचं दूध? शी शी! सगळे हसतायत बघ तुला."

हे त्या मला नाही, ओवीला म्हणाल्या. ओवी थांबली. ओढणीतून डोकं बाहेर काढून तिने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि स्वतःच्या हाताने माझा कुर्ता खाली ओढून नीट केला. डोळ्यांवर झोप होती, तरी मिरज येईपर्यंत तिने परत मागितलं नाही.

ती तान्ही होती तेव्हाही लोक बोलायचे. आडोशाला जा, पदर नीट घे, वगैरे. ते मी सोडून द्यायचे, कारण ते माझ्याच कानापर्यंत यायचं. आता तिला सगळं कळतं. तिला "शी" म्हणजे काय ते कळतं. मला त्या बाईंना टोला कसा मारायचा हे नकोय. मूल ऐकत असताना अशा वेळी तुम्ही काय बोलता, ते सांगा.


रेवा_डोंबिवली | शुक्रवार, रात्री ११:०५

वाचून पोटात तुटलं. कुर्ता नीट केला हे वाचलं आणि माझा मुलगा आठवला. तोही असंच करायचा.

मी लोकलच्या लेडीज डब्यात सर्रास पाजायचे, तो सव्वादोन वर्षांचा होईपर्यंत. गर्दीत बायका उठून जागा द्यायच्या, आणि त्यांच्यातलीच एखादी म्हणायची, "आता बास कर की, मोठा झाला." मी फक्त "हो, झोप आलीये त्याला" एवढंच म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. वाद घातला की तो घाबरायचा आणि पिणं सोडून रडायला लागायचा. त्यामुळे वाद नको, हे माझं पक्कं ठरलं होतं. पण तू म्हणतेस तसं थेट मुलाला कोणी बोललं असतं, तर मी गप्प बसले असते का, माहीत नाही.


अनुराधा_आजी | शनिवार, सकाळी ६:२०

मी सदुसष्ट वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या खेड्यात माझी तिन्ही बाळंतपणं झाली. धाकट्याला अडीच वर्षं अंगावर पाजलं. वाड्याच्या सोप्यावर बसून पाजायचे, येणारे-जाणारे "काय चाललंय वहिनी" विचारून पुढे जायचे. सासूबाई म्हणायच्या पदर घे, पण ते दृष्ट लागू नये म्हणून. लाज वाटावी म्हणून नव्हे. दोन्हींत फार फरक आहे. मूल दुधावर आहे ही आनंदाची गोष्ट आहे, ती कुणाच्या नजरेला येऊ नये, असा तो पदर होता.

मला पहिल्यांदा कोणी टोकलं ते पुण्याला बिऱ्हाड केल्यावर. शेजारच्या शिकलेल्या बाई म्हणाल्या, "गावंढळासारखं काय हे." म्हणून मला वाटतं की तुम्हाला बोलणाऱ्या बायका जुन्या वळणाच्या म्हणून बोलतात असं समजू नका. त्यांना डब्यातल्या पावडरीचं दूध म्हणजे सुधारणा, असं शिकवलेलं होतं. त्यांच्या लहान मुलांना त्यांनी तीन महिन्यांत बाटलीवर घातलं, आणि तेव्हा डॉक्टरही हो म्हणायचे. त्यांना आज तुझ्याकडे बघून काय वाटत असेल, ते त्या बोलून दाखवत नाहीत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या बाईंशी बोलूच नकोस. ओवीशी बोल, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. "तुला झोप आलीये ना? ये, पी. आई आहे." बास. आईच्या आवाजात चलबिचल नसली की मूल पुन्हा लागतं. मी धाकट्याच्या वेळी असंच करायचे.


वैदर्भी | शनिवार, सकाळी ९:१५

आजींचं पटलं. आमच्या यवतमाळकडे कापूस वेचायला आलेल्या बाया दुपारी धुऱ्यावर बसतात. तीन वर्षांचं लेकरू खेळत खेळत येतं, मांडीवर आडवं पडतं, दोन मिनिटं पितं आणि परत पळतं. बाजूला गडीमाणसं शिदोरी खात असतात. कोणी मान वर करून बघत नाही. तेच लेकरू घेऊन ती बाई नागपूरला नातेवाइकाकडे गेली, की तिलाच सांगतात, आतल्या खोलीत जा.

मी शाळेत शिक्षिका आहे, म्हणजे मला दोन्हीकडचं दिसतं. शेतात जे चालतं ते स्टाफरूममध्ये चालत नाही.


सुमेधा_आयसीडीएस | शनिवार, दुपारी १२:३०

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे, रोज हाच विषय. लोकांच्या मनात जे घट्ट बसलंय त्याबद्दल थोडं लिहिते, म्हणजे घरच्यांशी बोलताना उपयोगी पडेल.

"आता ते दूध म्हणजे नुसतं पाणी." हे साफ चूक आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दोघांचंही सांगणं एकच आहे: पहिले ६ महिने निव्वळ अंगावरचं दूध, नंतर वरच्या आहाराबरोबर २ वर्षं आणि त्यापुढेही, आई आणि बाळाला हवं तितकं. दुसऱ्या वर्षातसुद्धा मुलाच्या ऊर्जेच्या गरजेचा साधारण एक तृतीयांश भाग आईच्या दुधातून भागू शकतो. मूल आजारी पडलं, ताप आला, जुलाब लागले, की ते जेवण पहिलं सोडतं, पण अंगावर पितं. गॅस्ट्रोच्या साथीत मी हे कितीतरी घरांत बघते.

आईलाही फायदा आहे. जितका काळ पाजलं जातं तितका स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. २००२ साली बऱ्याच देशांतली माहिती एकत्र करून जो मोठा अभ्यास झाला, त्यात पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे हा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी दिसला होता.

मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती सांगितली नाही तर आपलंच नुकसान. दोन वर्षांच्या मुलाला फक्त दूध पुरत नाही. दिवसाला ३-४ वेळा जेवण आणि मध्ये १-२ वेळा खाऊ, हे झालंच पाहिजे. आईच्या दुधात लोह फार कमी असतं. आपल्याकडे ५ वर्षांखालच्या मुलांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण ६७ टक्के आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला हा आकडा आहे. म्हणून डाळ, पालेभाजी, अंडं, मटणाचा रस्सा चालत असेल तर तो, वर लिंबू. आणि चहा अजिबात नको. मला राग याचा येतो की "अजून पाजतेस?" म्हणणाऱ्या घरातच दोन वर्षांच्या पोराला बशीत चहा ओतून बिस्कीट बुडवून देतात. चहाने जेवणातलं लोह अंगी लागत नाही. त्यावर कोणी शी म्हणत नाही.

दातांचं पण बघा. वर्षानंतर रात्रभर पिणाऱ्या मुलांत दात किडण्याची शक्यता वाढते. दोन वेळा ब्रश, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, एवढं केलं तर बराच फरक पडतो.


स्पष्ट_मत | शनिवार, दुपारी २:५०

राग मानू नका, पण मला वेगळं वाटतं. दीड-दोन वर्षांपर्यंत पाजावं, याबद्दल वाद नाही. पण या वयाचं मूल थांबू शकतं. त्याला पाणी द्या, केळं द्या, घरी गेल्यावर पाजा. सगळ्यांसमोर कशाला? समोरच्या पुरुषांनाही अवघडल्यासारखं होतं, नजर कुठे वळवावी कळत नाही. त्या बाईंची भाषा चूक होती, मुलीला असं बोलायला नको होतं. पण त्यांना जे वाटलं ते पुष्कळांना वाटतं.


केतन_ठाणे | शनिवार, दुपारी ३:३५

स्पष्ट_मत, तुम्ही सभ्यपणे लिहिलंत म्हणून सविस्तर लिहितो. मी बाप आहे, मुलगी एकवीस महिन्यांची.

थांबवता येतं, ते आम्ही करतोच. मॉलमध्ये, बागेत ती मागते तेव्हा बायको "घरी गेल्यावर" म्हणते आणि दहातल्या बहुतेक वेळा मुलगी ऐकतेही. पण पाच तासांचा प्रवास, लस टोचून बाहेर आल्यावर, लग्नाच्या हॉलमध्ये कान फाटेल असा बँड वाजत असताना, तिथे केळं चालत नाही. तिथे तिला आई लागते. तो भुकेचा प्रश्नच नसतो.

आणि पुरुषांच्या नजरेचं म्हणाल, तर मी पुरुष आहे, मला माहीत आहे. नजर वळवायला एक सेकंद लागतो. मोबाइल असतो, खिडकी असते. ज्याला अवघडल्यासारखं होतं त्याने वळावं. दोन वर्षांच्या पोरीने का वळावं?

ओवीची_आई, आमच्या घरात एक गोष्ट ठरलेली आहे. बाहेर कोणी काही बोललं, तर उत्तर मी द्यायचं. बायकोच्या हातात तेव्हा मूल असतं, तिला पान्हा फुटलेला असतो, त्या क्षणी भांडायला लावणं हा तिच्यावर अन्याय आहे. गेल्या महिन्यात माझ्याच आत्याने जेवणाच्या पंगतीत "कधी सोडवणार" असं मोठ्याने विचारलं. मी म्हटलं, "आत्या, आम्हा दोघांचं ठरलंय, ती सोडेल तेव्हा. तू भात घे." आत्या गप्प झाली. बायकोने उत्तर दिलं असतं तर दहा मिनिटं चर्चा झाली असती, कारण सुनेचं उत्तर उत्तर धरलं जात नाही. हे बरोबर नाही, पण आहे हे असं आहे. म्हणून नवऱ्यांनी तोंड उघडावं.


ओवीची_आई | शनिवार, संध्याकाळी ७:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. केतन, नवरा त्या दिवशी बरोबर नव्हता, पण त्याला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला.

स्पष्ट_मत, तुमच्याशी एका मुद्द्यावर सहमत आहे, मूल थांबायला शिकतं आणि आम्हीही शिकवतोय. पण ती थांबायला शिकते आणि ती लाजून गप्प बसते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीत ती थांबली नव्हती. तिला वाटलं आपण काहीतरी घाण केलं.

आजींचं वाचल्यावर आज दुपारी तिला झोपवताना मी तो विषय काढला. म्हटलं, "गाडीतल्या आजी शी म्हणाल्या ना, ते चुकीचं होतं. दुदू शी नाही." ती लगेच म्हणाली, "आजी चिक्की दिली." म्हणजे तिला ती बाई आठवतेय, सगळं आठवतंय. आणि बाई वाईट नव्हती हेही तिच्या डोक्यात आहे. मला त्याचं बरं वाटलं. मला तिच्या मनात त्या बाईंबद्दल राग भरायचा नाहीये.


ऋतुजा_वकील | शनिवार, रात्री ९:००

कायद्याचं थोडं. भारतात सार्वजनिक जागी मुलाला पाजण्यावर बंदी घालणारा कायदा नाही, मुलाचं वय कितीही असो. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्तनपान कक्षांच्या याचिकेवर निकाल देताना नागरिकांना संविधानाच्या कलम ५१-अ(ई) ची आठवण करून दिली. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या प्रथा सोडणं हे नागरिकांचं मूलभूत कर्तव्य आहे, असं ते कलम सांगतं. सार्वजनिक ठिकाणी आणि कामाच्या जागी पाजणाऱ्या आईला कमी लेखलं जाऊ नये, हे न्यायालयाने स्पष्टपणे म्हटलं. न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती वराळे यांचं खंडपीठ होतं.

नोकरी करणाऱ्यांसाठी: सामाजिक सुरक्षा संहिता २०२० प्रमाणे (नोव्हेंबर २०२५ पर्यंत हीच तरतूद मातृत्व लाभ कायदा १९६१ मध्ये होती) कामावर परतलेल्या आईला मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी मिळते. ही जेवणाच्या सुट्टीशिवायची. कायद्यालाही वर्षानंतरचं पाजणं गृहीत आहे, हे साहेबांना सांगायला उपयोगी पडतं.

कोणी नुसतं बोललं तर कायदा काढायची गरज नाही, प्रकरण वाढतं. पण कोणी फोटो किंवा व्हिडिओ काढत असेल, अंगावर येत असेल, तर मात्र गप्प बसू नका. रेल्वेत १३९, एरवी ११२, किंवा महिलांसाठी १८१.


पल्लवी_रेडिंग | रविवार, पहाटे २:१५

इंग्लंडमधून लिहितेय. इथे २०१० च्या समानता कायद्याप्रमाणे कॅफे, दुकान, बस, कुठेही पाजणाऱ्या आईला "थांबा" किंवा "बाहेर जा" म्हणणं बेकायदा आहे आणि त्यात मुलाच्या वयाची अट नाही. २०२२ पासून पाजणाऱ्या बाईचे परवानगीशिवाय, लैंगिक हेतूने किंवा तिला त्रास द्यायला, फोटो काढणं हाही गुन्हा आहे.

एवढं असून लोक काय करतात? बोलत नाहीत, बघतात. मुलगा पावणेदोन वर्षांचा असताना एका कॅफेत शेजारच्या टेबलवरचं जोडपं उठून लांब जाऊन बसलं. कायद्याने त्यांचं काही चुकलं नाही. पण खरं सांगू, मला आपल्याकडच्या "अगंबाई अजून?" पेक्षा ते जास्त लागलं, कारण त्याला उत्तर देता येत नाही. आपल्याकडे बोलतात म्हणून निदान बोलून उत्तर तरी देता येतं.

मदत झाली ती इथल्या पाजणाऱ्या आयांच्या गटाची. आठवड्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये भेटायचो. तिथे तीन वर्षांची मुलं खेळता खेळता येऊन पिऊन जायची. माझ्या मुलाने ते बघितलं आणि त्याला कळलं की हे फक्त आपणच करत नाही. ओवीला दुसरं पिणारं मूल दिसेल असं काही जमतंय का बघ.


रेवा_डोंबिवली | रविवार, सकाळी १०:००

पल्लवीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मोठ्या मुलाला पाजणाऱ्या बायका आपल्या आसपास खूप आहेत, पण सगळ्या दार लावून पाजतात. म्हणून प्रत्येकीला वाटतं आपण एकटीच.

हिरकणी कक्षाबद्दलही बोलायचं होतं. बस स्थानकावर ती सोय आहे हे उत्तमच, बाळंतिणीला तर देवासारखी. पण माझा मुलगा दोन वर्षांचा असताना त्या खोलीत नेलं, तर त्याला पिण्यापेक्षा बाहेरच्या लाल गाड्या बघायच्या होत्या. दारावर थापा मारून रडला. शेवटी बाहेर बाकावर बसून, गाड्या बघत बघत प्यायला. मोठ्या मुलासाठी खोली हा उपाय नेहमी चालत नाही, त्यामुळे "खोली केलीये, तिथे जा" हे उत्तर कोणी देऊ नये.

आणि बघा, २०२२ च्या हिवाळी अधिवेशनाला आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरला आल्या, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. व्हायलाच हवं होतं. तेच बाळ दोन वर्षांचं असतं आणि पायऱ्यांवर बसून अंगावर पीत असतं तर? मला शंका आहे. तान्हेपण संपलं की लोकांचं कौतुक संपतं.


स्पष्ट_मत | रविवार, सकाळी ११:२०

केतन आणि ओवीची_आई, वाचलं. प्रवास आणि लसीचं मी धरलं नव्हतं. गाडीत पाच तास थांबवणं शक्य नाही, मान्य. लग्नकार्यात मात्र अजूनही मला वाटतं की खोलीत जावं. मोठ्या मुलीच्या वेळी माझी बायको तसंच करायची. तिला कधी वाईट वाटलं का, हे मी तिला विचारलेलं नाही. आज विचारतो.


मुग्धा_क | रविवार, दुपारी ४:४५

लग्नाचाच विषय निघाला म्हणून विचारते. पंधरा दिवसांनी नणंदेचं लग्न आहे, कोल्हापूरला. मुलगा वीस महिन्यांचा. सासरची सगळी मंडळी येणार, त्यांतल्या दोन चुलत सासवा याच विषयावर फोनवर सासूबाईंना बोलून झाल्यात: "कडुनिंब लावा, दोन दिवसांत सोडेल." सासूबाई माझ्या बाजूने आहेत पण त्यांच्यासमोर बोलणार नाहीत. मला नऊवारी नेसायचीये, मिरवायचंय, आणि मुलगा दोन तासांवर राहत नाही. काय करू?


अनुराधा_आजी | रविवार, संध्याकाळी ६:३०

मुग्धा, कडुनिंब अजिबात लावू नकोस, तेही लग्नाच्या गडबडीत. नवी जागा, नवी माणसं, आई सजलेली, ओळखू न येणारी, आणि त्यात आईच कडू लागली, तर मूल सैरभैर होतं. सोडवायचंच असेल तर घरी, निवांत, एकेक वेळ कमी करत.

चुलत सासवांना तू उत्तर देऊ नकोस. सासूबाईंना आत्ताच सांग की त्यांनी काही बोलायचं नाही, फक्त तू पाजायला बसलीस की तुझ्या शेजारी येऊन बसायचं. थोरली बाई शेजारी बसली की धाकट्या बोलत नाहीत. मी माझ्या सुनेसाठी हेच करते. मांडवात तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसते आणि नातवाचे पाय मांडीवर घेते.


सुमेधा_आयसीडीएस | रविवार, संध्याकाळी ७:०५

आजी, याच्यापुढे माझी समुपदेशनाची पुस्तिका काही नाही.

मुग्धा, त्याचा खाऊ वेगळा डब्यात ने. लग्नाचं जेवण दोन-अडीचला मिळतं, तोवर पोर उपाशी राहिलं की सारखं अंगावरच मागणार. नाचणीचे लाडू, उकडलेलं अंडं, दहीभात. मुहूर्ताच्या आधी एकदा पोटभर जेवव आणि निवांत पाज, मग अक्षतांपर्यंत बरंच निभेल.


पल्लवी_रेडिंग | रविवार, रात्री ११:५०

आणि नऊवारीवरचं ब्लाउज कसं आहे? माझ्या भावाच्या लग्नात मागून हुकांचं शिवलं होतं, पाजायला पूर्ण पदर सोडावा लागला, म्हणून नाइलाजाने खोलीत जावं लागलं. पुढून हुक असतील तर पदराच्या आड बसल्या जागी होतं, कोणाला कळतही नाही. शिवून झालं असेल तर शिंप्याकडे ने, पाठ शिवून पुढे हुकांची पट्टी लावून देतात. उद्याच टाक, लगीनसराईत आठवडा सहज लागतो.